आग कुठे अडवायची: सातमाळ्याच्या कड्यावरच्या वणव्याचे एक प्रकरण

हे प्रकरण वनरक्षक आणि गावसमित्यांच्या प्रशिक्षणासाठी बांधलेले आहे. जागा खरी आहे: छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यातला, सातमाळा डोंगररांगेचा कन्नडकडचा कडा. प्रसंग, माणसे आणि त्यातले वेळेचे व अंतराचे आकडे रचलेले आहेत. अशा आगींत हंगामागून हंगाम जे घडते तेच इथे एका दिवसात आणले आहे. म्हणून तांड्याचे किंवा माणसांचे नाव दिलेले नाही.

हे जंगल कळायचे तर आधी दगड कळला पाहिजे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. त्यातला घट्ट थर झिजत नाही, त्याचा कडा होतो. मऊ, पोकळ थर झिजतो, त्याचा उतार आणि सपाटी होते. त्यामुळे कन्नडच्या पठारावरून उत्तरेला खानदेशात उतरताना डोंगर पायऱ्यांनी उतरतो: पठार, कडा, पदर म्हणजे दोन कड्यांमधली सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा पदर, आणि तळाशी दगडांच्या राशीवर वाढलेले रान. पदरावर साग, सालई, धावडा, मोई, मधूनमधून मोह आणि पळस. त्याखाली कमरेएवढे कुसळी गवत. मार्च संपता संपता सागाची पाने खाली आलेली असतात, कुसळी कडकडीत वाळलेली असते. विभागाच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. कड्यावरच्या माणसांच्या लेखी तो होळीला सुरू होतो.

दोन गोष्टी इथे नेहमी एकत्र नांदतात. कातळाचे कडे आगीला अडवतात, कारण तिथे जळायला काही नाही. आणि त्याच कड्यांना चिरणाऱ्या घळी आगीला वाट देतात. ज्याने हिवाळ्यात आपल्या नियतक्षेत्रातल्या, म्हणजे गस्तीच्या हद्दीतल्या, घळी पायांनी मोजल्या नाहीत, त्याला मार्चमध्ये आग कळत नाही.

दुपारी साडेबारा ते सव्वादोन

मार्चचा शेवटचा आठवडा. मधल्या पदरावर शेळ्या चारणाऱ्या पोराला पश्चिमेकडे धूर दिसला तेव्हा साडेबारा झाले होते. पदरावर मोबाइलला रेंज नाही. तो शेळ्या हाकत पायवाटेने वर आला, कड्याच्या धारेवर दोन काड्या दिसल्या तेव्हा त्याने तांड्याच्या नाईकांना फोन लावला. नाईकांनी वनरक्षकाला. तोपर्यंत सव्वा वाजला होता.

उपग्रहाचा इशारा आला चार वाजता. हे मुद्दाम सांगायचे कारण असे, की प्रशिक्षणात नवी मुले मोबाइलवरच्या इशाऱ्यावर फार विसंबतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या आधाराने आगीची ठिकाणे कळवते आहे, आणि ती सोय मोठी आहे. पण व्हीआयआयआरएस हा संवेदक घेऊन फिरणारे उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. मधल्या वेळात लागलेली आग त्यांना पुढच्या फेरीशिवाय दिसत नाही. त्यातून त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर ३७५ मीटर. जुन्या मोडिस संवेदकाचा ठिपका तर एक किलोमीटरचा. सपाट माळावर ३७५ मीटरची चूक म्हणजे पाच मिनिटांचे चालणे. कड्यावर तेवढ्यात दोन पदर बदलतात. या प्रकरणातही इशाऱ्यातला ठिपका पठारावरच्या गवतात पडला होता, आग होती दीडशे मीटर खाली. फोन करणारे पोर उपग्रहापेक्षा पावणेतीन तास आधी आणि जास्त नेमके होते.

वनरक्षक मोटारसायकलवरून सव्वादोनला धारेवर पोचला. त्याच्याबरोबर दोन हंगामी मजूर, पाचोळा उडवणारा एक ब्लोअर. वनपाल मॅडम दुसऱ्या बाजूने जीपने येत होत्या, त्यांच्याकडे दुसरा ब्लोअर आणि चार माणसे. तांड्यावरून आठ-दहा गडी आधीच धारेवर जमलेले, हातात हिरव्या डहाळ्या.

वर आल्यावर वनरक्षकाने जे केले ते फार थोडे लोक करतात. तो पंधरा मिनिटे नुसता बसला आणि खाली पाहत राहिला. मजूर कुरकुरले. पण त्या पंधरा मिनिटांत त्याने पदरावरची ओळखीची दोन झाडे धरली, एक वठलेली सालई आणि एक मोठा मोह. त्यांच्यातले अंतर त्याला गस्तीमुळे ठाऊक होते, साधारण ७५ मीटर. आग एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला घड्याळात बरोबर पंधरा मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला पाच मीटर. पदरावर मधूनमधून उघडा कातळ असल्याने चाल धीमी होती. पश्चिमेचा वारा तिला पूर्वेकडे ढकलत होता, आणि पूर्वेला साधारण ७०० मीटरवर ती घळ होती जी थेट पठारावर निघते. गणित सोपे होते. पाच वाजण्याच्या आधी कधीतरी आग घळीच्या तोंडाशी येणार.

खाली उतरायचे की नाही

आठ-दहा जवान गडी, हातात डहाळ्या, समोर जाळ. अशा वेळी ‘थांबा’ म्हणणे फार अवघड असते. एकजण म्हणाला, “साहेब, घळीनं खाली उतरू, तोंडाशीच झोडपू. वरी येऊच देत नाय.”

ऐकायला शहाणपणाचे वाटते. आग येण्याआधी घळीच्या तोंडाशी पोचायचे आणि तिथेच तिला अडवायचे. पण याच बेतात माणसे मेली आहेत.

उतारावर आग वर चढताना ज्वाळा पुढच्या गवतावर ओणवी होते, त्याला आधीच तापवून वाळवते, आणि मग ते एका ठिणगीत पेट घेते. ढोबळ नियम असा, की उताराच्या दर दहा अंशांना आगीचा वेग दुप्पट होतो. या घळीचा उतार तीस अंशांचा. पदरावर मिनिटाला पाच मीटर चालणारी आग घळीत शिरली की चाळीस मीटरने धावणार. घळीची लांबी दोनशे मीटर. म्हणजे पाच मिनिटांत आग धारेवर. तीच घळ चढायला डोंगरात वाढलेल्या गड्यालाही वीस मिनिटे लागतात, तीही धूर नसताना. शिवाय दोन्ही बाजूंना कातळ असलेली अरुंद घळ चुलीच्या धुराड्यासारखी ओढते. खालची हवा आत खेचली जाते आणि हा ढोबळ नियमही तिथे अपुरा पडतो.

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा जथा असाच उतारावर आगीच्या वाटेत सापडला, आणि वीसहून अधिक माणसे गेली. तिथले गवत आणि इथली कुसळी यांत जाळाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. कुरंगणीची गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगतो, कारण ‘आपल्याकडची आग गुडघ्याएवढी असते’ हे वाक्य मराठवाड्यात फार ऐकू येते. ते पदरावर खरे आहे. घळीत खोटे आहे.

वनरक्षकाने हे गणित कोणाला समजावले नाही, वेळही नव्हता. त्याने नाईकांकडे पाहिले. नाईक म्हणाले, “खाली कुणी जायचं नाय. जाळ खालून वरी पळतो, माणूस नाय पळत.” तांड्याच्या गड्यांसाठी तेवढे पुरले. साहेबाने सांगितले असते तर अर्ध्यांनी ऐकले नसते. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असणाऱ्यांना आग विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. कायद्याने माणूस बोलावता येतो. त्याला कड्याच्या धारेवर थोपवून धरण्याची ताकद त्या कलमात नाही, ती नाईकांच्या शब्दात होती.

मॅडम पावणेतीनला पोचल्या, आणि धारेवर उभे राहूनच त्यांनी वरिष्ठांना फोन केला. मला या प्रकरणातला कळीचा क्षण हा वाटतो. त्यांनी सांगितले की मधला पदर सोडून देत आहोत. पश्चिमेला जळालेला भाग, पूर्वेला दगडी नाला, वर कडा, खाली कडा. यातले सगळे, अंदाजे ४० हेक्टर, जळणार. त्यात तीन हेक्टरचे रोपवन होते, चार पावसाळे जगवलेले. पलीकडून प्रश्न आला, “आणि रोपवन?” मॅडम म्हणाल्या, “जाईल, सर. घळीच्या डोक्याशी माणसं लावली तर पठार वाचेल. रोपवनात लावली तर दोन्ही जाईल, आणि माणसं आत अडकतील.”

वणव्याच्या अहवालात ‘विझवली’ हा शब्द असतो, ‘सोडून दिली’ हा नसतो. त्यामुळे सोडून देण्याचा निर्णय घेणाऱ्याला नंतर जबाब द्यावा लागतो, आणि आत माणसे घालणाऱ्याला शाबासकी मिळते, काही विपरीत घडले नाही तर. वरिष्ठांनी फोनवर हो म्हटले आणि ते ‘हो’ वेळेसकट नोंदवहीत लिहायला सांगितले. खालच्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे म्हणतात ते यालाच.

धारेवरचा खंड

घळीच्या डोक्याशी जाळरेषा, म्हणजे हंगामाआधी गवत कापून-जाळून मोकळी केलेली पट्टी, असायला हवी होती. धारेच्या कडेने ती दोन्ही बाजूंना होतीही. पण नेमकी घळीच्या डोक्यावर चारशे मीटर रेषा नव्हती. कारण ऐकले तर हसू येईल. त्या लवणात ओल टिकते. जानेवारीत मजुरांनी गवत कापले, पण ते हिरवे असल्यामुळे जळाले नाही. ‘नंतर जाळू’ म्हणून सोडले. नंतर मजूर दुसऱ्या कामावर गेले आणि कापलेले गवत तिथेच वाळून पडले. जाळरेषेच्या कागदावर लांबी पूर्ण दिसत होती.

म्हणजे जिथे ओल जास्त तिथे गवत जास्त, तिथे रेषा उशिरा जाळावी लागते, आणि तिथेच घळ वर निघते. बेसाल्टच्या डोंगरात हा योगायोग नसतो. पाणी आणि आग दोघांनाही तीच वाट सोयीची पडते, एकाला उतरायला आणि दुसरीला चढायला.

धारेपासून आत तीनशे मीटरवर एक गाडीवाट होती, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांनी उघडी पडलेली, तीन मीटर रुंद. तिच्या पलीकडे तांड्याची शेते, गोठे आणि ज्वारीच्या कडब्याच्या गंजी. मराठवाड्यात मार्चमधली कडब्याची गंज म्हणजे पाऊस येईपर्यंतचा जनावरांचा जीव. ती गेली तर माणूस जनावर बाजारात नेतो.

ठरले ते असे: गाडीवाटेच्या उत्तर काठाने उलट आग लावायची, म्हणजे येणाऱ्या आगीच्या दिशेने जळत जाणारी. दुपारचा वारा दरीतून वर, दक्षिणेकडे येत होता. वाऱ्याविरुद्ध जाणारी आग बुटकी असते, मिनिटाला मीटरभर सरकते, आणि तिला डहाळीने सांभाळता येते. सव्वातीनला सुरुवात केली तर पावणेपाचपर्यंत गाडीवाटेच्या पुढे ऐंशी-नव्वद मीटर काळी पट्टी तयार होणार होती. मुख्य आग वर आल्यावर तिच्या पुढ्यात जळायला काही नसेल.

उलट आग ही शेवटची गोष्ट आहे, आणि ती अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय कुणीही लावू नये. वारा फिरला तर तुम्हीच दुसरा वणवा लावलेला असतो. गावकऱ्यांनी आपल्या मनाने लावलेल्या उलट आगींतून अनेक आगी मोठ्या झाल्या आहेत. इथे ती चालली, कारण पाठीशी रुंद, उघडी वाट होती, दोन्ही टोके तयार जाळरेषांना टेकलेली होती, आणि घड्याळात दीड तास होता. यातले एकही नसते तर मी गंजी हलवा म्हटले असते.

टँकरचे पाणी

तांड्यावर त्या दिवशी पाण्याचा टँकर आलेला होता, आणि खेळ इथे बिघडू शकला असता. टँकर पाहिल्याबरोबर हंगामी मजुरांपैकी एकाने तो गाडीवाटेवर आणायला सांगितले. बायका टँकरसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “चार दिसांचं पाणी हाय आमचं. डोंगर इझवायला दिलं तर प्यायचं काय?”

तिचे बरोबर होते, माणुसकीच्या दृष्टीने आणि आगीच्या दृष्टीनेही. पाच हजार लिटर पाणी चारशे मीटर पेटत्या गवतावर शिंपडले तर वाफ होते आणि दहा मिनिटांत टँकर रिकामा. डोंगरातल्या आगीवर पाणी ओतणे ही शहरातल्या अग्निशामक गाडीवरून घेतलेली कल्पना आहे. इथे आग विझते ती तिच्यापुढचे जळण काढून घेतल्याने. ब्लोअर पाचोळा उडवून जमीन उघडी करतो, डहाळी ज्वाळेचा दम मोडते, फावडे माती टाकते. पाणी लागते ते माणसाला प्यायला.

मॅडमनी टँकरला हात लावला नाही. त्यांनी मागितले ते दहा हंडे. त्यातले चार गोणपाट भिजवायला, सहा प्यायला. ओली गोणपाटे गंजींवर आणि गोठ्यांच्या पाचटाच्या छपरांवर, कारण धारेवरून उडणारी ठिणगी शंभर मीटर सहज येते. बायकांनीच खुरपी आणि फावडी घेऊन गंजींभोवती दोन हात जमीन खरवडून काढली. टँकर मागितला असता तर अर्धा तास भांडणात गेला असता आणि त्या गंजींभोवती कोणी उभे राहिले नसते.

उलट आग सव्वातीनला लागली. मधून एकदा वाऱ्याचा झोत फिरला आणि वीसेक पावलांवर आग वाटेच्या पलीकडे उडाली. तिथे नेमलेली दोन माणसे होती, त्यांनी डहाळ्यांनी ती लगेच मारली. वाटेच्या दक्षिणेला, आगीकडे पाठ करून उभी असलेली अशी माणसे प्रत्येक उलट आगीला लागतात. ती काही करताना दिसत नाहीत म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांना ‘इकडे या, हात लावा’ म्हणून बोलावून घेतले जाते.

मुख्य आग चार वाजून पस्तीस मिनिटांनी घळीत शिरली. पुढचे सगळे पाच-सहा मिनिटांत झाले. घळीतून आवाज आला, ज्वाळा धारेवर दोन पुरुष उंच दिसली, सगळे वाटेच्या मागे हटले. मोठ्या आगीने हवा आपल्याकडे ओढली तशी उलट आगही शेवटची पन्नास पावले तिच्याकडे धावली. दोन्ही भेटल्या आणि मधले गवत संपले. दुपारी ज्या पायवाटेने खाली उतरायचे बोलणे झाले होते, ती त्या घळीतूनच जाते.

कड्यावरची आग्या मोहळे मात्र धुराने उठली होती. धारेवर उभ्या असलेल्या दोघांना माश्या चावल्या, आणि त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. ही बाब कोणत्याही आराखड्यात नसते. सातमाळ्याच्या कड्यांवर मोहळे कुठे लागतात हे मध काढणाऱ्यांना तोंडपाठ असते. तेवढी यादी नाईकांकडून घेऊन नकाशावर मांडली की कोणत्या धारेवर माणूस उभा करू नये ते आधीच कळते.

रात्र

पठार वाचले तरी पदर जळतच होता. आता घाई नव्हती. सूर्य पावणेसातला मावळला, आठपर्यंत वारा पडला. रात्री डोंगरावरची थंड हवा दरीत उतरते, त्यामुळे आग वर चढायचे सोडून खाली दबते, ज्वाळा हातभर राहतात. डोंगरातली आग मारायची वेळ रात्री नऊ ते पहाटे सहा. दुपारी तिला फक्त कुठे जाऊ द्यायचे ते ठरवायचे.

दोन तुकड्या झाल्या, प्रत्येकी सहाजण. पुढे ब्लोअरवाला, मागे तिघे डहाळ्या आणि फावडी घेऊन, एकजण पाणी आणि पेट्रोलचा कॅन सांभाळणारा, आणि एकजण ज्याने काहीही करायचे नाही, फक्त वर आणि मागे पाहायचे. दोन्ही तुकड्या जळालेल्या भागातून आगीला भिडल्या. एक पाय काळ्यात ठेवायचा, म्हणजे काही बिघडले तर मागे सरकायला जागा असते जिथे जळण उरलेले नाही. न जळालेल्या गवतात उभे राहून आगीशी तोंड देणे रात्रीही करायचे नाही. आणि अंगावर सुती कपडे. टेरिकॉटचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो, हे हंगामी मजुरांना कुणी सांगत नाही आणि विभागाचा सुती गणवेश त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

ब्लोअर सागाच्या पाचोळ्यात उत्तम चालतो. उंच कुसळीत निम्मा चालतो. कातळाच्या भेगेत साचलेल्या पाचोळ्यात चालवला तर ठिणग्या उडवतो, तिथे मातीच टाकावी. हे तिन्ही एका रात्रीत दिसले.

रात्रीचा खरा धोका वरून येतो. वठलेली सालई आतून जळत राहते, बाहेरून शांत दिसते, आणि आवाज न करता पडते. जळके ओंडके उतारावरून गडगडत खालच्या पदरावर जातात आणि तुमच्या खाली नवी आग लावतात. मग आग तुमच्याकडे चढू लागते. पूर्वेकडच्या तुकडीच्या बाबतीत साडेअकराला हेच झाले. वर पाहणाऱ्या माणसाने ओंडका घसरताना पाहिला, शिट्टी वाजवली, तुकडी काळ्या भागात सरकली. बिनतारी संच डोंगराच्या सोंडेमागे गेला की मुका होतो, म्हणून शिट्टीच्या खुणा आधी ठरवलेल्या होत्या: एक लांब म्हणजे थांबा, तीन आखूड म्हणजे काळ्यात या. खालच्या पदरावरची ती नवी आग लहान होती, खाली रान दगडांचे होते. पहाटे चारला तीही संपली. पूर्वेकडची मुख्य आग दगडी नाल्याशी पोचून आपोआप थांबली.

दुसऱ्या दिवशीची दुपार

सकाळी सहाला सगळ्यांना वाटले संपले. अशाच सकाळी चूक होते. थकलेली माणसे घरी जातात, अहवालात ‘आग पूर्णपणे आटोक्यात’ लिहिले जाते, आणि दुपारी बाराला हवा तापली, वारा उठला की एखादा धुमसता ओंडका पुन्हा पेटतो. रात्रीच्या तुकड्यांना मॅडमनी घरी पाठवले, पण पदराच्या कडेने ताजी चार माणसे दोन दिवस ठेवली. काम एवढेच: काळ्या भागाच्या कडेपासून वीस पावले आत जे धुमसते ते शोधायचे, फोडायचे, माती टाकायची, हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघायची. दुसऱ्या दिवशी पाऊणला घळीच्या पूर्वेला मोईचा बुंधा पेटला. चौघांनी पंधरा मिनिटांत मारला. उपग्रहाला तो दिसलाही नाही.

जळालेले क्षेत्र वनरक्षकाने जीपीएस घेऊन काठाने फिरून मोजले: ४३ हेक्टर, आणि पठारावरचे उलट आगीसह ११. अंदाजाने लिहिले असते तर आकडा निम्म्यावर आला असता, कारण मोठा आकडा कुणालाच नको असतो. मग पुढच्या वर्षी निधी कमी लिहिलेल्या आकड्यावरच ठरतो.

कोणी लावली

सुरुवात कुठे झाली ते शोधायला वनरक्षक उलटा चालत गेला. आग ज्या बाजूने येते त्या बाजूला दगड जास्त काळवंडतो. खोडावर जळल्याची खूण मात्र विरुद्ध बाजूला उंच चढते. खुणा जुळवत तो पदराच्या पश्चिम टोकाला एका मोहाखाली आला. झाडाखाली गोल जागा साफ जळालेली, बाकीच्या जळण्यापेक्षा जुनी.

मोहफुले पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून खालचा पाचोळा जाळून जमीन मोकळी करायची ही जुनी रीत. आग लावणाऱ्याला जंगल जाळायचे नसते. प्रश्न असा, की ती आग सोडून का गेली? वनहक्क कायदा २००६ गौण वनोपजाचा, म्हणजे मोहफुलांसारख्या वस्तू वेचण्याचा, हक्क मान्य करतो आणि तो अभयारण्यालाही लागू आहे. पण दावा मंजूर झालेला नसेल तर वेचणारीला आपण चोरून आलो आहोत असेच वाटते. चोरून येणारी बाई आग लावते, कुणाची चाहूल लागली की निघून जाते. थांबून ती विझवणे म्हणजे पकडले जाणे.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे अभयारण्यात धोकादायक रीतीने आग लावणे गुन्हा आहे, राखीव वनासाठी भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ आहे. अज्ञात इसमाविरुद्ध वनगुन्हा नोंदला गेला. तो नोंदवणे भागच होते. तांड्यात ती कोण हे बहुधा ठाऊक होते. मॅडमनी विचारले नाही. त्यांच्यावर टीका करणारे आहेत, आणि गुन्ह्याची भीती उरत नाही हा त्यांचा मुद्दा पोकळ नाही. पण माझा कल मॅडमकडे आहे. त्या बाईचे नाव त्या दिवशी काढले असते तर पुढच्या मार्चमध्ये शेळ्या राखणाऱ्या पोराने फोन केला नसता, आणि सव्वा वाजता मिळालेली बातमी चार वाजता मिळाली असती.

त्याऐवजी बैठक झाली मोहाच्या झाडांची. कोणते झाड कोणते घर वेचते हे तांड्यात ठरलेले असतेच. पदरावरच्या झाडांची यादी झाली. प्रत्येक झाडाखालचा पाचोळा फेब्रुवारीत हाताने झाडून बाजूला लोटायचा, किंवा झाडाखाली जुनी जाळी अंथरायची. जाळीवर फुले मातीशिवाय मिळतात आणि भाव चांगला येतो, ही गोष्ट आगीच्या भाषणापेक्षा लवकर पटली. जाळीचे पैसे समितीच्या खात्यातून. वनहक्काचा दावा भरायला मदत करायचेही ठरले; ते काम कागदांत अडकलेले आहे.

पावसाच्या आधी आणखी एक काम होते. जळालेल्या उतारावर जूनचा पहिला वळीव राख आणि माती दोन्ही नेतो आणि खालचा पाणवठा गाळाने भरतो. म्हणून घळीत अर्धवट जळालेले ओंडके आडवे टाकून दगडांनी अडवले. पदरावर एक पावसाळा चराई बंद. नाईकांनी ती मान्य केली, बदल्यात पठारावरचे गवत कापून न्यायची परवानगी मागितली आणि मिळवली. साग बुंध्यातून पुन्हा फुटतो, त्याची काळजी नाही. रोपवनातली अंजनाची रोपे गेली. मोकळ्या जागेत घाणेरी आणि रानतुळस आधी शिरतात; ती पहिल्या वर्षी मुळासकट उपटली नाही तर पुढच्या आगीला जळण तयार होते.

पुढच्या हंगामाच्या आराखड्यात एकच मोठा बदल झाला. जाळरेषा आता लांबीच्या क्रमाने घेतल्या जात नाहीत. आधी घळींची डोकी, आणि तिथे दोनदा: जानेवारीत कापायचे, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वाळले की जाळायचे. त्यासाठी आठ मजूर दहा दिवस राखून ठेवायला लागतात, आणि ती मजुरी कोणत्या शीर्षाखाली टाकायची यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे. धारेवर रेंज मिळते ती जागा दगडावर पांढरा चुना लावून दाखवली आहे. घळीतली पायवाट आगीच्या हंगामात बंद ठेवावी असे वनपालांचे मत. नाईकांचे म्हणणे, शेळ्यांना पाण्यावर जायला दुसरी वाट नाही. तोडगा म्हणून दुपारी बारा ते पाच ती वाट कुणी वापरायची नाही असे ठरले आहे.